ख सशाचा

दवाखान्यातल्या बाकावर आईशेजारी चारेक वर्षांची एक मुलगी फोनवर अक्षरांचा खेळ खेळत बसली होती. नाक वाहत होतं, मधूनमधून ती ते बाहीला पुसत होती, पण नजर पडद्यावरून हलत नव्हती. पडद्यावर एक पांढराशुभ्र ससा आला, हातात गाजर, आणि खाली तीन अक्षरं: स, ख, म. तिनं झटकन ‘स’वर बोट ठेवलं. फोनमधून घर्र आवाज आला आणि सशानं मान हलवून नाही म्हटलं. तिनं पुन्हा ‘स’ दाबला, या वेळी जोरात. मघाशी बोट नीट लागलं नसेल असं वाटलं असणार तिला. पुन्हा घर्र. मग तिनं ‘ख’ दाबला. पडदाभर फुगे, टाळ्या, तीन चांदण्या. आईनं वाकून पाहिलं आणि म्हणाली, “अगं, ससा ना तो? मग स.” मुलीनं मान वर न करताच सांगितलं, “नाही गं आई. ख सशाचा.”

ते वाक्य काही केल्या डोक्यातून जात नाही.

असं का झालं हे शोधायला फार लांब जावं लागत नाही. खेळ मुळात हिंदीत तयार झालेला. ‘ख से खरगोश’ असं चित्र काढून, रंगवून, हलतं करून झालं होतं. पुढं कुणीतरी यादीत ‘मराठी’ हा पर्याय वाढवला, आवाज बदलले, बटणांवरचे शब्द बदलले आणि चित्रं तशीच ठेवली, कारण चित्र बदलणं महाग पडतं. मराठी म्हणून मिळणाऱ्या अशा अक्षरखेळांत थोडा वेळ घालवला की ही जोडकामं ओळखू यायला लागतात. ‘अ’खाली डाळिंब असतं, कारण ते अनार. ‘इ’खाली चिंच, कारण ती इमली. ‘भ’खाली अस्वल, ‘ल’खाली भोवरा, ‘ऐ’खाली चष्मा. सगळ्यात वाईट वाटतं ते ‘ऊ’चं. तिथं लोकरीचा गुंडा असतो आणि आवाज म्हणतो, “ऊ, ऊन.” मराठी मुलाला ऊन माहीत असतं, ते अंगणात पडतं, त्यात पापड वाळतात. त्याला त्या गुंड्यात ऊन दिसत नाही आणि तरीही पुढं जायचं तर तेच दाबावं लागतं. ‘ण’ आणि ‘ळ’ तर बऱ्याच ठिकाणी नसतातच, कारण त्यांनी शब्द सुरू होत नाही आणि खेळाच्या साच्यात पहिल्या अक्षराचाच शब्द बसतो. आपल्या अंकलिपीनं हा प्रश्न कधीच सोडवला होता, ‘ण बाणाचा’ आणि ‘ळ बाळाचा’ म्हणून.

पण मला चुकीच्या चित्राहून जास्त टोचतं ते त्या मुलीनं आधी केलेलं काम. तिनं ससा पाहिला, मनात ‘ससा’ म्हटलं, त्या शब्दातला पहिला आवाज सुटा करून ऐकला आणि तो आवाज ज्या खुणेनं लिहितात ती खूण तिघांतून शोधली. वाचनाची सुरुवात म्हणतात ती हीच. बालवाडीतल्या बाई वर्षभर टाळ्या वाजवून, गाणी म्हणून, “तुझ्या नावात पहिलं काय ऐकू येतं?” असं विचारून मुलांना इथपर्यंत आणतात. ती मुलगी इथं पोचलेली होती. दोनदा घर्र ऐकल्यावर तिनं स्वतःचे कान बाजूला ठेवले आणि फोन सांगेल ते धरलं. पुढच्या वेळी ससा आला तेव्हा तिनं ‘ख’ दाबायला क्षणही लावला नाही. ॲपच्या हिशोबात ही प्रगती झाली. पालकांना येणाऱ्या साप्ताहिक अहवालात त्या दिवशी तिच्या नावापुढं हिरवी रेघ वर गेलेली दिसली असेल.

अंकलिपी काही निर्दोष नव्हती. पातळ कागद, बोट ओलं करून उलटलं की कोपरा फाटणारं पान, शाईचा तो उग्र वास, आणि चित्रं तरी कशी, तर ईडलिंबू, ऐरण, यज्ञ. पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी अननस पहिल्यांदा पाहिला तो ‘अ’च्या शेजारीच. पण ती अंकलिपी कुणाच्या तरी मांडीवर बसून वाचली जायची. ईडलिंबू कळलं नाही तर “आपल्या लिंबासारखंच, पण मोठं” असं सांगणारं माणूस पाठीशी असे. पुस्तक कुणाला घर्र करत नव्हतं. मुलानं चित्र पाहून दुसराच शब्द म्हटला तर हसणारं, थांबणारं, “हो की, तसंही म्हणता येईल” असं कबूल करणारं कुणीतरी मध्ये होतं. ॲप निवडताना आपण त्या मधल्या माणसाची जागा कुणाला देतो आहोत, हे आधी पाहायला हवं असं मला वाटतं.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढं कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या, तेव्हा साधनं म्हणून त्यांच्याकडं शिंपले, बिया, पानं, काड्या, खडे होते. पैसे नव्हते हे त्याचं एक कारण. दुसरं असं, की मुलाला जे आधीच हातानं आणि नावानं माहीत आहे तिथून सुरुवात केली की पुढची पायरी त्याची स्वतःची होते. आजही ॲप तपासताना मी पहिला प्रश्न हाच लावते: या पडद्यावरच्या दहा वस्तूंपैकी किती या मुलानं खरोखर हाताळल्यात? कोल्हापूरच्या मुलाला हिमाची बाहुली, मेपलचं पान आणि शाळेची पिवळी बस दाखवून मोजायला शिकवणारं ॲप मोजणं शिकवण्याआधी त्याला परकं करतं.

दुकानातल्या पाट्या या बाबतीत फार कमी सांगतात, आणि जे सांगतात त्याचा अर्थ आपण वेगळा घेतो. प्ले स्टोअरवर ‘३+’ दिसलं की बहुतेक आईबाप समजतात, तीन वर्षांच्या मुलासाठी बनवलंय. तसं नाही. त्या आकड्याचा अर्थ एवढाच, की त्यात हिंसा, शिवीगाळ असं तीन वर्षांच्या मुलानं पाहू नये असं काही नाही. बँकेच्या ॲपवरही तोच आकडा असू शकतो. ‘शिक्षण’ हा विभाग ॲप बनवणारा स्वतः निवडतो. तो निवडायला कुणाची परीक्षा द्यावी लागत नाही. २०२० मध्ये गूगलनं मुलांच्या ॲपसाठी ‘टीचर अप्रूव्हड’ अशी खूण आणली. ती उपयोगाची आहे, कारण कुणीतरी शिक्षकानं ते उघडून पाहिलेलं असतं. पण ते शिक्षक अमेरिकेतले. वयाला साजेसं आहे का, जाहिराती बोचतात का, हे त्यांना कळेल. ऊन म्हणजे काय, हे नाही कळणार.

म्हणून डाउनलोड करण्याआधी त्या पानावर दोनच मिनिटं द्यावीत, पण योग्य ठिकाणी. नावाखाली बारीक अक्षरांत ‘जाहिराती आहेत’ आणि ‘ॲपमधील खरेदी’ या दोन ओळी असतात. तिथं काहीच लिहिलेलं नसेल तर ती चांगली बातमी. खाली ‘या ॲपविषयी’ उघडून तळाशी गेलं की एका खरेदीची किंमत किती ते किती, तो पल्ला दिसतो. वरचा आकडा चार अंकी असेल तर समजावं की फुकट भाग हा फक्त दाराबाहेरचा ओटा आहे. शेवटचं अपडेट कधी झालं ते पाहावं. आणि परीक्षणं ‘सर्वात नवीन’ अशी लावून फक्त एक आणि दोन चांदण्यांची वाचावीत. पाच चांदण्यांत ‘छान’, ‘माझ्या मुलाला खूप आवडतं’ एवढंच असतं. एका चांदणीत माणसं नेमकं लिहितात: अमुक पातळीनंतर पैसे मागतं, जाहिरात बंद करायची फुली दिसत नाही, नव्या अपडेटनंतर मराठी आवाजच गेला.

मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी पाच वर्षांपर्यंतच्या मुलांची १३५ ॲप तपासली होती. त्यांतल्या ९५ टक्के ॲपमध्ये कुठल्या ना कुठल्या रूपात जाहिरात सापडली. रूप या शब्दावर थांबायला हवं. खेळाच्या मध्येच येणारी पूर्ण पडद्याची चित्रफीत आपल्याला ओळखू येते. पण कुलूप लावलेलं खेळणं सतत समोर ठेवणं, किंवा ज्या पात्राशी मुलाची गट्टी जमली त्याच पात्रानं “हे घे ना” म्हणणं, हीही जाहिरातच. चार वर्षांच्या मुलाला ते पात्र आणि दुकानदार वेगळे करता येत नाहीत. मोठ्या माणसाला राग येतो; मूल दुखावतं, कारण त्याला वाटतं मित्र काहीतरी मागतोय आणि आई देत नाही. आपल्याकडं २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांचा माग काढायला आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवायला मनाईची तरतूद आहे, ही मोठी गोष्ट आहे. तरी खेळाच्या पोटात शिवलेली ही विनवणी कुणाचा माग न काढताही चालते, म्हणून ती घरातच पकडावी लागते.

आता खरी तपासणी. मूल झोपलेलं असताना वीस मिनिटं काढा आणि ते ॲप स्वतः खेळा. बरोबर खेळू नका.

चुकून बघा.

पहिल्याच प्रश्नाला मुद्दाम चुकीचं उत्तर द्या, तेही सलग पाच वेळा. इथं ॲपचा स्वभाव उघडा पडतो. काही ॲप फक्त घर्र करून तोच प्रश्न पुन्हा विचारतात. म्हणजे मुलाला एवढंच कळतं की आपण चुकलो, का चुकलो ते नाही. काही दुसऱ्या चुकीनंतर बरोबर उत्तर लुकलुकवतात. मूल ते दाबतं, चांदणी मिळवतं, आणि दोन दिवसांत शिकतं की दोनदा चुकलं की उत्तर आपोआप चमकतं. चांगलं ॲप चुकीवर काहीतरी करतं. तीनाऐवजी दोन पर्याय ठेवतं, शब्द पुन्हा हळू उच्चारतं, पहिला आवाज लांबवून ऐकवतं, किंवा एक पायरी मागं जाऊन सोपा प्रश्न देतं. असं ॲप हाती लागलं की बाकीचे दोष थोडे माफ करावेत, कारण शिकवण्याची जागा चूक हीच असते.

त्यानंतर डोळे मिटून नुसती बोटं आपटा. कुठंही, भराभर. पर्याय दोन असतील तर निम्मी उत्तरं अशीच बरोबर येतात, तीन असतील तर एकतृतीयांश. चुकीला काही किंमत नसेल आणि अशा आपटण्यानं पातळी पार होत असेल, तर मूलही हेच करणार. ते आळशी नसतं. सगळ्यात जवळची वाट कुठली हे मुलांना आपल्याआधी कळतं. मग आवाज पूर्ण बंद करून एक फेरी खेळा. आवाजाविना सगळं जमत असेल तर तो भाषेचा खेळ नव्हे, चित्रं जुळवण्याचा आहे. शेवटी पडदा उपडा ठेवून फक्त ऐका. मराठी मराठीसारखं वाटतं का? ‘चमचा’तला च आणि ‘चिमणी’तला च आपण वेगळे उच्चारतो, ‘झाड’ आणि ‘झेंडा’ यांतला झही वेगळा. यंत्रानं जुळवलेला आवाज दोन्ही एकाच सुरात काढतो. मोठ्यांना ते चालून जातं, आपण अर्थ लावून घेतो. जे मूल तो आवाज पहिल्यांदाच ऐकतंय त्याला अर्थ लावून घेण्यासाठी मागं काही नसतं.

अक्षरं गिरवण्याच्या ॲपबद्दल माझं मत जरा कडक आहे. आधी उलटं गिरवून पाहा: ‘क’ खालून वर, गाठ शेवटून आधी. हिरवी रेघ उमटली आणि शाबासकी मिळाली तर ते ॲप फक्त जागा भरल्याची नोंद घेतं, वळणाची घेत नाही. बरीच ॲप छापील अक्षराच्या कडेनं चालतात आणि आधी शिरोरेषा काढायला लावतात. शाळेत बाई आधी अक्षर काढायला सांगतात आणि शिरोरेषा शेवटी, पुढं तर पूर्ण शब्द झाल्यावर एकच. मग मूल घरी एक आणि वर्गात एक असं लिहायला लागतं. ‘ल’ आणि ‘श’ नक्की तपासा. आपला ल पाकळ्यांचा, श देठाचा. फॉन्ट हिंदी वळणाचा असेल तर दांड्याचा ल येतो आणि पहिलीत पुस्तक उघडल्यावर मूल विचारतं, हे कुठलं अक्षर? वर्णमालेत ‘ॲ’ आणि ‘ऑ’ आहेत का तेही बघून घ्यावं. आणि हे सगळं बरोबर असलं तरी काच ती काचच. तिच्यावर बोट घसरतं, काही अडत नाही. पाटीवर पेन्सिल करकरते, रेतीत बोट रुततं, खरखरीत कागदाच्या कापलेल्या अक्षरावरून बोट फिरवलं की वळण हाताला लागतं. गिरवण्याचं ॲप वळण कुठल्या दिशेनं जातं हे दाखवायला ठीक. ते दाखवून झालं की फोन बाजूला ठेवून ताटात मूठभर रवा पसरावा आणि तेच अक्षर त्यात काढू द्यावं. रवा नंतर चाळून घेता येतो.

मोजण्याचे खेळ जास्त फसवे, कारण ते फार नीट वाटतात. पाच आंबे दिसतात, मूल एकेका आंब्याला बोट लावतं, आवाज म्हणतो एक, दोन, तीन, चार, पाच, आणि टाळ्या. या सगळ्यात मोजलं कुणी? ॲपनं. मुलानं फक्त बोट लावलं. मधला एखादा आंबा दोनदा दाबला तरी यंत्र तो पुन्हा मोजत नाही, त्यामुळं एका वस्तूला एकच आकडा हा नियम मुलाला स्वतः सांभाळावाच लागत नाही. कस लावायचा असेल तर खेळ संपताच ओट्यावर पाच चमचे मांडा, तेही वेडेवाकडे, ओळीत नकोत. मोजायला सांगा. मोजून झालं की लगेच विचारा, “मग किती आहेत?” मूल “पाच” म्हणालं तर शेवटचा आकडा म्हणजे सगळे मिळून, हे त्याला उमगलंय. ते पुन्हा एकपासून मोजायला लागलं तर अजून उमगलेलं नाही, मग ॲपमध्ये ते शंभरापर्यंत का पोचलं असेना. लहान वयात पडद्यावर शिकलेलं बाहेरच्या वस्तूंना लावणं मुलांना अवघड जातं, तिसऱ्या वर्षाच्या आत तर फारच. म्हणून हा चमच्यांचा फेरा वगळू नये. आकारांचंही असंच. ॲपमधला त्रिकोण नेहमी टोक वर करून, तिन्ही बाजू सारख्या घेऊन उभा असतो. समोशाचा त्रिकोण त्या मुलाला त्रिकोण वाटत नाही.

संख्यावाचनात आपल्याकडं आणखी एक गुंता आहे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘सत्तावीस’बरोबर ‘वीस सात’ असंही वाचन आलं आणि बराच वाद झाला. वाद बाजूला ठेवला तरी घरी आजी सत्तावीस म्हणते, ॲप ट्वेंटी सेव्हन म्हणतं आणि पुस्तकात तिसरंच असेल, तर पाच वर्षांच्या मुलाला हे तीन वेगळे आकडे वाटू शकतात. ॲपमध्ये आकड्यांचा आवाज मराठी करता येतो का, आणि केला तर वीसच्या पुढंही टिकतो का, ते पाहून घ्यावं. अनेकदा वीसपर्यंत मराठी चालतं आणि पुढं गाडी इंग्रजीवर घसरते.

पैशाचा मुद्दा थोडक्यात, पण नेमका. ‘सात दिवस मोफत’ म्हणणारं ॲप आधी यूपीआय ऑटोपे किंवा कार्डाची परवानगी घेतं. ॲप काढून टाकलं की वर्गणीही थांबते हा समज चुकीचा आहे. ती चालूच राहते. प्ले स्टोअरमध्ये वरच्या आपल्या फोटोवर टॅप करून पेमेंट आणि सबस्क्रिप्शनमध्ये जा आणि पहिल्याच दिवशी ती रद्द करा. मोफतचे दिवस सहसा तरीही मिळतात. ऑटोपे थेट ॲपला दिला असेल तर आपल्या यूपीआय ॲपमधल्या ऑटोपेच्या यादीत तो वेगळा बंद करावा लागतो. पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यायला हवी असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो एसएमएस जाहिरात समजून पुसू नका. आणि खरेदीला दर वेळी पासवर्ड किंवा बोटाचा ठसा लागेल अशी सोय प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये आजच करून ठेवा. ‘फक्त पालकांसाठी’ म्हणून विचारलेली ‘७ × ३ किती?’ ही राखण पहिलीपर्यंत पुरते. ‘बटण तीन सेकंद दाबून धरा’ ही तर चार वर्षांचं मूल एकदा बघून उघडतं.

फोनही थोडा तयार करावा लागतो. घरात जुना फोन असेल तर सिम काढून, सगळं पुसून तो वापरावा. वायफायवर हवं ते उतरवून घ्यायचं आणि मुलाच्या हातात देताना विमान मोड चालू करायचा. बऱ्याच जाहिराती तिथंच गळतात. विमान मोडमध्ये जे ॲप उघडतच नाही त्याचा विचार पुन्हा करावा. अँड्रॉइडमध्ये सेटिंगच्या शोधपट्टीत ‘पिन’ लिहिलं की ॲप पिन करण्याची सोय सापडते; ती चालू करून बाहेर पडायला पिन लागेल असं ठेवलं की मूल एका ॲपमधून दुसरीकडं निसटत नाही. आयफोनवर हेच काम ॲक्सेसिबिलिटीमधलं ‘गायडेड ॲक्सेस’ करतं. तिथं वेळेची मर्यादा घालता येते आणि पडद्याचा एखादा कोपरा, म्हणजे जिथं दुकानाचं बटण आहे नेमका तोच, निकामी करता येतो. वेळेचं म्हणाल तर भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना दोन्ही जवळपास एकच सांगतात: दोन वर्षांच्या आत पडदा नको, दोन ते पाच या वयात दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही कुणी शेजारी असताना, आणि जितका कमी तितकं बरं. त्या तासात टीव्हीही धरायचा. ॲपच्या वाट्याला मी दहा-पंधरा मिनिटं देईन. ज्या ॲपमध्ये एक खेळ संपल्यावर दुसरा आपोआप सुरू होतो त्यात ही पंधरा मिनिटं पाळणं रोजचं भांडण होऊन बसतं, म्हणून ज्याला शेवट आहे, गोष्ट संपली की जे थांबतं, असं ॲप घ्यावं.

अशी ॲप आहेत. ‘खान अकॅडमी किड्स’ पूर्ण फुकट आहे, जाहिराती नाहीत, दोन ते आठ वर्षांसाठी आहे. भाषा इंग्रजी आणि उच्चार अमेरिकी, त्यामुळं मराठी पक्की होत असलेल्या मुलाला ते सोबतीशिवाय देऊ नये. गूगलचं ‘रीड अलाँग’ भारतात २०१९ मध्ये ‘बोलो’ या नावानं सुरू झालं. पुढं त्यात मराठीही आली. मूल मोठ्यानं वाचतं, दिया नावाची मुलगी ऐकते आणि अडलेला शब्द सांगते. अक्षरं जोडता येऊ लागलेल्या मुलासाठी ते खरोखर कामाचं आहे. त्याआधी दिलं तर मूल दियाचाच आवाज पाठ करतं. आणि माझं सगळ्यात आवडतं म्हणजे प्रथम बुक्सचं ‘स्टोरीवीव्हर’. २०१५ पासून ते सगळ्यांना खुलं आहे, मराठी पुस्तकं भरपूर, पातळीनुसार लावलेली, उतरवून छापूनही घेता येतात. त्यात चांदण्या नाहीत. पान उलटतं, गोष्ट संपते. सांगलीत बसलेली आजी आणि न्यू जर्सीतली नात व्हिडिओ कॉलवर एकच पुस्तक दोन पडद्यांवर उघडून वाचू शकतात. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांनीसुद्धा अगदी तान्ह्या मुलांच्या पडदाबंदीतून व्हिडिओ कॉल वगळला आहे, कारण पलीकडं खरं माणूस असतं, जे मूल थांबलं की थांबतं.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कॅथी हर्श-पासेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये शैक्षणिक ॲपवर एक मोठा लेख लिहिला होता. मूल डोक्यानं गुंतलेलं हवं, लक्ष विचलित करणारं काही नको, शिकण्याला त्याच्या आयुष्यात अर्थ हवा आणि त्यात दुसरं माणूस हवं, अशा चार गोष्टी त्यांनी मांडल्या. पहिल्या दोन ॲप बनवणाऱ्याच्या हातात आहेत. तिसरी काहीशी भाषेच्या आणि गावाच्या. चौथी मात्र बाकावर शेजारी बसलेली असते, हातात केसपेपर धरून.

त्या दिवशी आईनं वाद घातला नाही. तिनं पर्समधून पेन काढलं, केसपेपर उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर दोन लांब कान, खाली गोल तोंड, दोन दात असं काढलं. “हे कोण?” मुलीनं फोनवरून मान वळवली. “ससा.” “म्हण बरं हळूच. पहिलं काय येतं तोंडात?” मुलगी म्हणाली, “स्स्स”, आणि त्या आवाजाबरोबर पडलेल्या दाताच्या फटीतून थोडी थुंकी उडाली, त्यावर तीच हसली. आईनं सशाखाली ‘स’ लिहिला. मांडीवरच्या फोनचा पडदा तोवर काळा झाला होता. मुलगी थोडा वेळ त्या कागदाकडं बघत राहिली.

“मग ख कुणाचा?”

आईनं इकडंतिकडं पाहिलं. समोर हिरवा पडदा लावलेली खिडकी होती, तिच्या गजाला कुणाची तरी ओली छत्री अडकवलेली. ती बोट दाखवणार एवढ्यात आतून कंपाउंडरनं चौदा नंबर पुकारला आणि दोघी उठल्या. दाराशी पोचेपर्यंत मुलीची मान मागं वळलेली होती, भिंतीवर, बाकाखाली, कोपऱ्यात काहीतरी शोधत.